आप्पामामांची शॅम्पेन

आमचे आप्पामामा जगातली कुठलीही पातळ वस्तू आधी करंगळीला लावून बघतात. चहा, कढी, खोकल्याचं औषध, पूजेचं तीर्थ. एकदा तर माझ्या नव्या मोटारसायकलचं ऑइल. करंगळी जिभेवर टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच: ‘कच्चं हाय’, ‘तयार हाय’ आणि ‘करपलं’. कासुर्डीजवळ त्यांचं गुऱ्हाळ आहे. उभी हयात उसाचा रस आटवायच्या काहिलीपुढं गेली, त्यामुळं माणसांनाही हेच तीन शिक्के. नवा सरपंच करपलाय. मामी तयार. मी त्यांचा सख्खा भाचा, शिरूरच्या कॉलेजात हेडक्लार्क झालो, पन्नाशी आली, दोन दाढा गेल्या. अजून कच्चाच आहे.

या माणसानं मागच्या हिवाळ्यात मला फोन करून विचारलं, “सुन्या, शॅम्पेन कशी पेत्यात रं?”

मी आधी रेंजला दोष दिला. उसाच्या रसाहून कडक काही आप्पामामांनी कधी घेतलेलं नाही. गुऱ्हाळावर कुणी पिऊन आला तर त्याला ते उसाच्या कांड्यानं रस्त्यापर्यंत पोचवून येतात.

“मला का विचारताय मामा?”

“तूच सांगत व्हतास की. पुण्यात मोठ्या हाटेलात पेलोय म्हनून.”

सांगत होतो खरा. साडूच्या मुलीच्या साखरपुड्यात उंच ग्लासातून काहीतरी बुडबुड्यांचं प्यालो होतो आणि पुढं आठवडाभर घरात जरा मान तिरकी करून वावरलो होतो. ते सफरचंदाचं सरबत होतं हे बायकोनं नंतर सांगितलं. तोवर बातमी कासुर्डीला पोचली होती आणि परत बोलवायची सोय नव्हती.

फोनचं कारण साधं होतं. त्यांची एकुलती एक लेक रोहिणी फ्रान्समध्ये असते. तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं, आणि आता नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा माहेरी येणार होती. “जावईबापू बाटली आननार हायेत,” मामा म्हणाले. “त्यांच्यात तशी रीत हाय म्हनं. मला त्यांच्याम्होरं येड्यावानी दिसायचं न्हाई.”

अशा रीतीनं एका कच्च्या माणसाकडं शिकवणी लागली.

मोबाइलवर जमेल तेवढं वाचून, दौंडच्या दुकानातून एक बाटली आणि साडूकडून दोन उंच ग्लास घेऊन मी रविवारी हजर झालो. बाटली नाशिककडची होती. ही खरी शॅम्पेन नव्हे, असं मी आधीच सांगून टाकलं. त्या नावाचा मुलूख आहे फ्रान्समध्ये, तिथल्याच द्राक्षांची असेल तरच ते नाव लावता येतं. हे मामांना एकदम पटलं.

“बराबर हाय त्यांचं. भायेरचा गूळ आनून कासुर्डीचा म्हनून इकला तर मी बी ऐकून घेनार न्हाई.”

बूच हळूच, आवाज न करता काढायचं असतं, असं मी सांगत असतानाच ते माझ्या हातून सुटलं आणि गोठ्याच्या पत्र्यावर वाजलं. म्हैस दावं तोडायला निघाली. मामी ओट्यावरून म्हणाली, “आज दूध दिलं न्हाई तिनं, तर चार दिस समद्यास्नी काळा च्या. तुला बी त्योच दीन.”

मी ग्लास भरले. फेस सरसरून वर आला. मी कौतुकानं बघत होतो, तेवढ्यात मामांनी मामीकडून चमचा मागवला आणि शांतपणे तो फेस काढून अंगणात झटकला.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. रस उकळायला लागला की वर फेस येतो, त्याला मळी म्हणतात. ती झाऱ्यानं काढत राहिलं नाही तर गूळ काळा पडतो. मामांच्या हाताला साठ वर्षांची सवय. 

“मामा, फेस काढायचा नसतो. त्याच्यासाठीच तर घेतात लोक.”

“मळीसाठी?”

“मळी नाही हो ती.”

“वर येती ना? मंग मळीच.” त्यांनी पुन्हा चमचा फिरवला. खालून बुडबुडे येतच राहिले. मामांनी ग्लास उचलून त्याच्या बुडाखाली बघितलं. “हिला जाळ कुठनं लागतोय?”

एवढं होईस्तोवर त्यातला जीव गेला होता. मग करंगळी, मग डोळे मिटणं. मी परीक्षेचा निकाल ऐकायला थांबल्यासारखा उभा.

“करपलं न्हाई,” मामा म्हणाले, “पर आंबलंय. कालचा रस हाय ह्यो.”

पण त्यांनी सोडलं नाही. दर रविवारी मला बोलावणं. बाटली परत आणायला मी धजलो नाही, म्हणून सोड्यावर सराव. ग्लास दांडीलाच धरायचा, घाई करायची नाही, आणि मुख्य म्हणजे फेसाला हात लावायचा नाही. हे शेवटचं फार अवघड जायचं. फेस दिसला की उजवा हात आपोआप उठायचा. मग ते तो मांडीखाली दाबून बसायचे. मामी म्हणाली, “मला बघायला आलं तवा बी हे इतकं गुमान बसलं नव्हतं.”

एका संध्याकाळी काहील उतरल्यावर आम्ही गुऱ्हाळात बसलो होतो. मी म्हणालो, “मामा, कशाला एवढा त्रास? नाही पीत म्हणून सांगा. जावईबापू समजून घेतील.”

मामा वाफ्यात, गूळ ओततात त्या उथळ हौदात, निवत असलेल्या गुळाकडं बघत राहिले.

“रोहिणीचं लगीन लागलं तवा तिनं फोन लावला व्हता. त्यो दिसनारा. समदी हातात गिलास घिऊन हुबी. हिच्या बाजूला एक खुर्ची मोकळी, आन् खुर्चीम्होरं गिलास भरून ठिवलेला. म्हनली, आप्पा, ह्यो तुमचा.” त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. “मी रागात व्हतो. रेंज न्हाई म्हनलो, आन् बंद केला.”

“त्यो गिलास तसाच ऱ्हायला आसंल,” मामा म्हणाले.

रोहिणी आली. जावईबापू उंच, लाजाळू. मामीनं दिलेल्या पुरणपोळीच्या तिसऱ्या ताटालाही नाही म्हणू शकले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर त्यांनी बाटली काढली आणि बूच असं काढलं, की म्हशीनं मानसुद्धा वळवली नाही. मी आतल्या आत कच्चा झालो.

ग्लास भरले. मामांच्या ग्लासात फेस काठोकाठ आला. मामा ताठ बसले होते, डाव्या हातानं दांडी बरोबर धरलेली, उजवा हात मांडीखाली. कपाळावर घाम. फेसाकडं बघायचं नाही म्हणून ते समोरच्या उसाकडं बघत होते.

रोहिणीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा त्या हाताकडं. उठून आत गेली आणि चमचा घेऊन आली. बापाशेजारी बसून तिनं ग्लासावरचा फेस अलगद काढला, लहानपणी काहिलीशी बसून काढायची तसा, आणि अंगणात झटकला.

“मळी ऱ्हायली व्हती आप्पा,” ती म्हणाली. “घ्या आता.”

जावईबापूंनी हे बघितलं आणि मामीकडं चमचा मागितला.

मी मामांच्या करंगळीची वाट बघत होतो. ती हललीच नाही. त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि औषध घ्यावं तसा एका दमात संपवला. डोळे मिटले. मी, मामी, सगळे निकालासाठी थांबलो.

मामांनी डोळे उघडले आणि मोकळा ग्लास लेकीपुढं धरला.