पोपटाचा दमा

पक्षीघराच्या रखवालदाराला एकवीस वर्षांत एकाही पक्ष्याने घाबरवलं नव्हतं. घाबरवलं ते फलकावर लागलेल्या अर्ध्या पानाच्या सूचनेने. पिसांच्या आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने ज्यांना दमा जडला असेल, त्यांची बदली पिसं नसलेल्या विभागात होणार होती. अशी रिकामी जागा अख्ख्या प्राणिसंग्रहालयात एकच होती. सर्पालयात.

रखवालदाराला सुतळी पाहिली तरी घाम फुटायचा.

"अहो, छातीत पुंगी वाजते तुमच्या," बायको म्हणाली. "रविवारी गप्प असते, सोमवारी झाडू हातात घेतला की सुरू! डॉक्टरांना सांगा."

"पुंगी वाजली की पुढे काय निघतं, ठाऊक आहे ना? म्हणूनच सांगत नाही."

तो पिंजरे झाडताना खोकायचा आणि म्हाताऱ्या पोपटाला बजावायचा, "डॉक्टरांना सांगू नकोस हं, राजा." पोपट मान हलवायचा. इतका समजूतदार सहकारी दुसरा नव्हता.

तपासणीला डॉक्टर मॅडम थेट पक्षीघरातच आल्या. रखवालदाराने श्वास रोखला. तेवढ्यात पोपट खोकला. हुबेहूब त्याच्यासारखा, शेवटच्या शिट्टीसकट.

"कोण खोकलं?"

"पोपट," रखवालदार म्हणाला. खरं बोलण्याचा आनंद त्याला जेमतेम चार सेकंद मिळाला. मग रोखलेला श्वास फुटला आणि तो स्वतःच वाकून खोकला.

"आणि आता?"

"तोच."

"त्याची चोच मिटलेली आहे, काका."

"पोटातून खोकतो, मॅडम. जुनं दुखणं आहे."

एवढं बोलून तो पाणी प्यायला पळाला. परत आला तेव्हा मॅडम गंभीरपणे कागद भरत होत्या.

"बिचाऱ्याला इथून हलवायला हवं. सर्पालयामागची खोली रिकामी आहे. आणि तुमच्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही म्हणे हा?"

ही बढाई तो एकवीस वर्षं मारत आला होता. आता ती मागे कशी घेणार? त्याने सही केली.

नव्या खोलीच्या एका भिंतीला काच होती आणि काचेपलीकडे अजगर. पहिले तीन दिवस रखवालदाराने डोळे मिटून पेरू भरवला. पोपटाने दोनदा बोट खाल्लं. पंधराव्या दिवशी घरी बायको म्हणाली, "अहो, तीन जिने न थांबता चढलात!" त्याचं लक्षच नव्हतं. त्या सकाळी त्याच्या मानेमागे, कानाला लागून, फुत्कार झाला होता. वळून पाहिलं तर पोपट. नवा शेजार, नवी विद्या.

दुसऱ्या सकाळी तो तडक दवाखान्यात गेला. "मॅडम, दमा मला होता. पोपट नुसती नक्कल करतो. आता सापाची करतोय. मला तिथून हलवा, पाया पडतो."

"माहीत आहे, काका. तुम्ही पाण्याला गेलात, तेव्हा तो पुन्हा खोकला आणि मला म्हणाला, 'डॉक्टरांना सांगू नकोस हं, राजा.'"

रखवालदार मटकन खुर्चीत बसला. "मग... आता माझी बदली?"

"झाली की! पंधरा दिवस झाले. सही तुमचीच आहे." त्यांनी श्वास मोजायची नळी पुढे केली. "फुंका."

त्याने जीव खाऊन फुंकलं. पुंगी वाजलीच नाही. नळीतून स्वच्छ, लांबलचक 'फूऽऽस' निघालं, आणि रखवालदार खुर्चीवर पाय घेऊन ओरडला, "कुठंय? कुठंय?"