खात्रीचा आरोपी

शहरातली गुन्हेगारी गुन्हेगारांमुळे वाढते, हा फार जुना गैरसमज आहे. ती हरलेल्या खटल्यांमुळे वाढते. आमच्या मुख्य सरकारी वकीलसाहेबांनी हे ओळखलं आणि खुर्चीवर बसल्या बसल्या धोरण जाहीर केलं: यापुढे जिंकण्याची खात्री असेल तेवढेच खटले कोर्टात जातील. बाकीचे विश्रांतीसाठी कपाटात. (कपाट लवकरच भरलं. मग खोली घेतली. सध्या वरचा मजला बांधतायत.)

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. पूर्वी दहांतल्या चार आरोपींना शिक्षा होई. आता शंभरातल्या शंभरांना होते. आरोपी शंभर भरत नाहीत, ही गोष्ट वेगळी. सराईत दरोडेखोर पुरावा मागे ठेवत नाहीत, त्यामुळे ते धोरणात बसत नाहीत. बसतात ते कबुली देणारे, पळता न येणारे आणि गुन्ह्याच्या जागी चप्पल विसरणारे. शहराला शिस्त लागली. भुरटे चोरसुद्धा हातमोजे घालू लागले.

आमच्या गल्लीतल्या शिंप्याने मात्र धोरण वाचलं नव्हतं. त्याची शिलाई मशीन भरदुपारी कुणी हातगाडीवर घालून चोरून नेली. चोर गल्लीतलाच. त्याने चार घरं सोडून तीच मशीन मांडली आणि वर पाटी लावली, 'शिलाई स्वस्तात'. शिंप्याच्या घरात दुसरी मिळकत नव्हती. तो सरकारी वकिलांच्या कचेरीत गेला. तिथल्या वकीलबाई समजूतदार होत्या.

"काका, मशीन तुमची, हे मला पटतंय. पण कोर्टाला पटेल कशावरून? नेताना कुणी बघितलं का?"

"समोरच्या इमारतीतल्या सगळ्यांनी. खिडक्यांत उभे होते की."

"मग त्यातला एक जण आणा."

एकही आला नाही. (एकाकडे पाहुणे होते, एकाची कंबर धरली होती, बाकीच्यांना त्या दिवसापासून जरा कमीच दिसत होतं.) प्रकरण कपाटात गेलं.

शिंप्याने महिनाभर कळ काढली. मग एका सकाळी चोर आंघोळीला गेलेला पाहून त्याने मशीन हातगाडीवर घातली आणि घरी आणली. चोराने लगेच तक्रार केली. नागरिकांचा कायद्यावर विश्वास वाढल्याचं हे लक्षण आहे. पोलिसांनी विचारलं, मशीन तू उचललीस?

"मीच उचलली. माझीच आहे."

पहिलं वाक्य कबुली म्हणून लिहून घेतलं. दुसऱ्याला पुरावा नव्हता.

इतका खात्रीचा आरोपी कचेरीला वर्षभरात मिळाला नव्हता. तीन महिन्यांची कैद झाली आणि मशीन विधिवत चोराच्या ताब्यात दिली. शिंप्याची बायको कोर्टाच्या पायऱ्यांवर एवढंच म्हणाली, "खरं बोलायची तुम्हाला इतकी कसली घाई होती हो?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काही कुजकट लोक म्हणाले. हे साफ खोटं आहे. एक तर फाशी झालेली नाही. दुसरं, शिंपी संन्यासी नाही, त्याला बायको आणि दोन मुली आहेत. त्यांचं सध्या कसं चाललंय याची चौकशी धोरणात बसत नाही.

साहेबांचा सत्कार समोरच्या इमारतीच्या गच्चीवर झाला. तुम्हीही होतात, मी पाहिलं. टाळ्या चांगल्या वाजवल्यात. रस्त्याकडच्या खिडकीला तुम्ही नवे जाड पडदेही लावलेत. शिवण सुरेख आली आहे. शिंप्याने मशीन फार जपून ठेवली होती.