गाडीचा उजवा दिवा

"अक्षय्य तृतीयेला तुमच्या वास्तुशांतीला आम्ही आमच्या स्वतःच्या मोटारीतून येऊ," असं दत्ताराम होळीच्या दिवशी अख्ख्या सासुरवाडीसमोर बोलून गेला, आणि पुरणपोळीचा घास त्याच्याच घशात अडकला.

दोष साडूचा होता. चंद्रप्रकाशला नंबर लागून नवी मोटार मिळाली होती आणि जेवणभर तो डाव्या हाताने किल्ल्या वाजवत होता. त्यात गोरेगावला नवा ब्लॉक. "दत्तारामभाऊ, तुम्ही आपले रिक्षाने या. मीटर तेवढा बघून बसा," असं तो म्हणाला आणि त्याची बायको, म्हणजे दत्तारामच्या बायकोची, प्रेमाची धाकटी बहीण सुलक्षणा, तोंडाला पदर लावून हसली. साडूचं बरं चाललेलं पाहून आनंद व्हायला माणूस संत लागतो. दत्ताराम स्टोअरकीपर होता.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं स्टोअर तो बावीस वर्षं सांभाळत होता. खिडकीवर त्याने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'जुना माल जमा केल्याशिवाय नवा माल मिळणार नाही.' तुटका पाना दाखवल्याशिवाय त्याने मालकाच्या मुलालाही नवा दिला नव्हता. व्यवहार आपल्याला कळतो आणि प्रेमाला कळत नाही, हे त्याचं पक्कं मत. त्याला पुरावाही होता. पंधरा वर्षांपूर्वी प्रेमाने त्याचा लग्नातला कोट बोहारणीला देऊन मोदकाच्या पातेल्यासाठी एक घुमटासारखं झाकण घेतलं होतं, आणि त्या झाकणाला मधोमध भोक होतं. "वाफ जाते त्यातून. मोदकांची नाकं मोडत नाहीत," प्रेमा सांगायची. दर गणेश चतुर्थीला अकरा मोदक खाऊन झाले, की दत्ताराम बाराव्याला हात घालताना कोटाची आठवण काढायचा.

मोटारीचं त्याने कारखान्यातल्या फिटरला, मरोळ गावठाणातल्या बर्नार्डला विचारलं.

"मोटर हाय ना माझ्याकडं," बर्नार्ड म्हणाला. "विलायती. लाल. दोन सीटची, रेसवाली, वर टप नाय. पप्पानं एका साहेबाकडनं घेतली न् नव्यासारखी करायला म्हणून सगळी खोलली."

"कधी?"

"बासष्टला."

"मग?"

"मंग पप्पा देवाघरी गेला."

बर्नार्डच्या घरामागच्या पडवीत विटांवर सांगाडा, चार चाकं आणि गोधडीत गुंडाळलेलं इंजिन होतं. त्या इंजिनाला बर्नार्ड दर ईस्टरला तेल पाजून, हँडल मारून एकदा सुरू करायचा आणि सगळं गावठाण छातीवर क्रूस करायचं. दत्तारामला वळणदार मडगार्डवरून हात फिरवताना गोरेगावातला चंद्रप्रकाशचा चेहरा दिसायला लागला. त्याने आठ वर्षं नंबर लावून त्याच आठवड्यात मिळालेली स्कूटर गाडीच्या बदल्यात तिथेच बर्नार्डच्या हवाली केली.

"पण एक हाय," बर्नार्ड म्हणाला. "पप्पानं मरताना सांगितलंय, गाडी पुरी होईल तवाच चावी फिरवायची. एक वस्तू जरी कमी असली, तर मी चावी देनार नाय."

"बाकीच्या वस्तू आहेत ना पण?"

"सगळ्या हायत. गावठाणातच हायत." बर्नार्डने एक वही काढली. "आमच्याकडं काय फुकट पडून राहत नाय. ज्याला जे लागलं ते त्यानं नेलं. मम्मीनं सगळं लिवून ठेवलंय."

वहीतली पहिली नोंद होती: 'स्टिअरिंग: पर्पेच्युआ, विहीर.'

पर्पेच्युआ आंटी सत्तरीची होती. तिच्या विहिरीच्या रहाटाला स्टिअरिंग बसवलेलं होतं आणि त्यावर ती वीस वर्षं पाणी ओढत होती. "ने की बाबा, बर्नार्डच्या पप्पाचीच वस्तू ती," ती म्हणाली. "पन मंग मी पानी काय दातानं ओढू?"

दत्तारामला हे शंभर टक्के पटलं. जुना माल उचलायचा तर जागेवर दुसरा द्यायला हवा. तो घरी गेला, स्टुलावर चढला आणि बाहेरच्या खोलीतला पंखा उतरवायला लागला.

"अहो, बिघडलाय का?" प्रेमाने विचारलं.

"नाही. विहिरीला लावायचाय."

प्रेमाने दोन मिनिटं वाट पाहिली, पण याच्यापुढे काही खुलासा आला नाही. पंखा विहिरीवर झकास बसला. त्याची तीन पाती आळीपाळीने धरून पर्पेच्युआ आंटी पाणी ओढायला लागली आणि वर म्हणाली, "हे बरं हाय. वारा पन लागतो थोडा."

दुसरी नोंद हॉर्नची होती. तो हेन्री पाववाल्याच्या सायकलला होता. हेन्रीच्या पोटावर पाय देणं शक्य नव्हतं, आणि आवाज करणारी दुसरी वस्तू दत्तारामच्या घरात एकच होती. दुसऱ्या दिवसापासून हेन्री देवघरातली घंटा वाजवत पाव विकायला लागला. सोसायटीतल्या बायका सकाळी सहाला दार उघडून आधी हात जोडायच्या आणि मग "चार कडक" म्हणायच्या. धंदा वाढला, म्हणून हेन्रीने दत्तारामला दोन बटर वर दिली.

तिसरी, गाडीच्या नाकावरची चकचकीत जाळी. तिच्यामागे बर्नार्डची बायको पेट्रिशिया कोंबड्या ठेवायची. तिला बदल्यात प्रेमाचं दूध-दही ठेवायचं जाळीचं कपाट मिळालं. कोंबड्या तीन कप्प्यांत वरखाली राहायला लागल्या आणि इकडे प्रेमाचं दूध रोज मांजर प्यायला लागलं. पर्पेच्युआ आंटीच्या ओट्यावर गाडीच्या दोन सीटा होत्या. एकीवर बसून ती रोझरी म्हणायची आणि दुसरी पाहुण्यांची. तिथे दत्तारामचा सोफा गेला. गाडीची दोन बुटकी दारं हेन्रीच्या न्हाणीघराला एकावर एक लावलेली होती, त्या जागी प्रेमाच्या स्वयंपाकघराचं दार गेलं.

"आता घराचं दार तेवढं राहिलंय," प्रेमा म्हणाली.

"त्याची गरज नाही," दत्ताराम वही बघून म्हणाला. "वहीत आणखी दार नाहीये."

तिला रडू आलं ते त्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी. एप्रिलचा उकाडा, वर पंख्याच्या जागी लोंबणारी वायर, आणि बसायला फरशी. तेवीस वर्षांत एकेक वस्तू तिने जोडली होती. प्रत्येक वस्तू आणताना ती दहा दुकानं हिंडली होती आणि जाताना तिला कोणी विचारलंही नव्हतं. दत्तारामला तिचे डोळे दिसले. वाईटही वाटलं. पण पडवीत गाडीला रंग लागत होता. तो म्हणाला, "एकदा चंद्रप्रकाशच्या दारात उतरलीस ना, की सगळं विसरशील."

गाडी खरोखरच आकाराला येत होती. बर्नार्ड गावठाणातला सगळ्यात चांगला फिटर होता आणि काम वडिलांचं होतं. जेवढं दत्तारामचं घर रिकामं झालं, तेवढी ती भरली. वास्तुशांतीला चार दिवस राहिले तेव्हा वहीत एकच नोंद उरली. बर्नार्डने ती वाचली आणि वही मिटली.

"काय रे?"

"उजव्या दिव्याची वाटी." बर्नार्डने घसा साफ केला. "मम्मीनं जुन्या गाऊनसंगं बोहारणीला दिली. सत्तरला. दोन गाऊनवर मोठा टोप येत नव्हता, म्हणून."

"मग डाव्या दिव्यावर भागेल की!"

"पप्पाची गाडी एका डोळ्यानं कानी फिरनार नाय," बर्नार्ड म्हणाला आणि त्याने चावी शर्टाच्या आतल्या खिशात, क्रूसाशेजारी ठेवली.

दत्तारामची वाट लागली. डाव्या दिव्याची वाटी नमुन्याला घेऊन तो भंगारवाल्यांकडे कुर्ल्यापासून चोर बाजारापर्यंत फिरला. कुठे मोठी होती, कुठे चपटी. तिसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने घरी आला, नमुन्याची वाटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि भिंतीला टेकून फरशीवर बसला. मोटार चालवायला शिकायचं त्याने शेवटच्या आठवड्यावर टाकलं होतं, तेही राहिलं होतं.

"माझं झाकण ओट्यावर कशाला काढलंत?" प्रेमाने विचारलं.

"कसलं झाकण?"

"हे मोदकाचं." तिने वाटी उचलली, फळीवर ठेवायला गेली आणि थांबली. फळीवर झाकण होतंच. तिने तेही काढलं. दोन्ही शेजारी धरली. तोच घुमट, तीच कड, मधोमध वायर जाण्यापुरतं तेच भोक.

दत्ताराम उभा राहिला. पंधरा वर्षं ज्या झाकणाला त्याने नावं ठेवली, ते समोर चमकत होतं.

"प्रेमा, आण ते इकडे."

प्रेमाने झाकण पाठीमागे घेतलं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, दार नव्हतं म्हणून सरळ चौकटीतच, पाय पसरून बसली. पदर खोचला. बोहारणीसमोर बसताना ती अशीच बसायची, आणि तिच्यासमोरून आजवर एकही बोहारीण जिंकून गेली नव्हती.

"काय देता?"

"अगं, देता काय? आपल्याच घरातली वस्तू!"

"पंखा कोणाच्या घरातला होता? त्या आंटीला विचारून मोबदला दिलात. पाववाल्याला दिलात. कोंबड्यांना दिलात. तुमच्या स्टोअरवर पाटी काय आहे?"

दत्तारामने मान खाली घातली. "जुना माल जमा केल्याशिवाय नवा माल मिळणार नाही."

"मग? काढा माल."

त्याने घरभर नजर फिरवली. देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. दोन गाद्या, एक स्टोव्ह आणि कॅलेंडर.

"माझं घड्याळ घे."

"बंद आहे ते."

"ऑफिसची छत्री."

"दांडा मोडकाय."

"मग काय हवंय तरी काय तुला?"

"गाडी," प्रेमा म्हणाली.

"अगं, गाडीसाठी तर झाकण पाहिजे!"

"ते तुमचं तुम्ही बघा. झाकण पाहिजे, तर गाडी माझी."

"गाडी तुझी झाली, तर मग मी झाकण घेऊन करू काय?"

"माझ्या गाडीला लावा," प्रेमा शांतपणे म्हणाली. "एकदा मी तिच्यात बसणार. सगळ्यांसमोर शब्द दिलाय ना तुम्ही? मग परवा ती घेऊन गावठाणात जाणार, तिची एकेक वस्तू देणार आणि माझं घर परत आणणार."

दत्तारामने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या अक्षय्य तृतीया होती. "घे," तो म्हणाला.

"कागदावर."

त्याने स्टोअरच्या पावतीपुस्तकातली एक पावती फाडली. 'जमा: झाकण, भोकाचं, नग एक. दिली: मोटार, लाल, नग एक.' खाली सही केली. प्रेमाने पावती कमरेला खोचली आणि मगच झाकण सोडलं.

सकाळी बर्नार्डने वाटी बसवली, काच लावली, बटण दाबलं. उजवा दिवा तेवीस वर्षांनी लागला. बर्नार्डने डोळे पुसले, चावी क्रूसाशेजारून काढली आणि दत्तारामपुढे धरली. प्रेमाने मधेच पावती पुढे केली. ती वाचून बर्नार्डने मान डोलावली आणि चावी तिच्या हातात ठेवली.

"मालकीणबाई, चालवनार कोन?"

प्रेमाने दत्तारामकडे पाहिलं. दत्तारामने गाडीच्या चाकांकडे पाहिलं.

"यांना येत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच चला."

सीटा दोनच. एकीवर बर्नार्ड बसला, दुसरीवर पैठणी नेसलेली प्रेमा. इंजिन गरजलं, पेट्रिशियाच्या कोंबड्या तिसऱ्या कप्प्यावर उडाल्या आणि गाडी आरे कॉलनीच्या रस्त्याला लागलीसुद्धा. दत्ताराम धुरात उभा राहिला. भर उन्हात एकही रिक्षा थांबेना. शेवटी हेन्रीला दया आली.

अशा रीतीने तो गोरेगावला पोचला तो पाववाल्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसून, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन. आरेच्या चढणीवर हेन्रीने घंटा त्याच्याच हातात दिली होती, कारण दोन्ही हातांनी हँडल धरावं लागत होतं. चंद्रप्रकाशच्या दारात तो घंटा वाजवतच उतरला, आणि आतून भटजी आरती घेऊन बाहेर आले.

गाडीभोवती ही गर्दी होती. चंद्रप्रकाशची नवी मोटार कोपऱ्यात उभी होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. स्वतः चंद्रप्रकाश लाल मडगार्डवर हात फिरवत होता. दत्तारामने हेच दीड महिना डोळ्यांपुढे आणलं होतं, फक्त त्या चित्रात गाडीला टेकून तो स्वतः उभा होता.

"दत्तारामभाऊंनी शब्द खरा केला हं," चंद्रप्रकाश कसाबसा म्हणाला.

"यांनी नाही. गाडी माझी आहे," प्रेमा म्हणाली.

"ताई!" सुलक्षणा ओरडली. "तुझी? केवढ्याला गं घेतलीस?"

"एका झाकणावर."

"आणि झाकण?"

"ते यांच्या लग्नातल्या कोटावर."

सगळ्यांनी वळून दत्तारामकडे पाहिलं. त्याच्या पँटला पावाचं पीठ लागलं होतं आणि हातात घंटा होती. कोट चांगल्या कापडाचा होता, असं सांगावंसं त्याला पंधरा वर्षांच्या सवयीने वाटलं. पण त्याने पुन्हा एकदा गाडीकडे पाहिलं, मग सीटवर ऐटीत बसलेल्या प्रेमाकडे पाहिलं. ती त्याला फार छान दिसली. तो म्हणाला, "व्यवहार तिलाच कळतो."

जेवणाची पानं मांडली जात होती तेव्हा चंद्रप्रकाशने प्रेमाला हळूच बाजूला घेतलं. आजूबाजूला पाहिलं. किल्ल्या खिशात टाकल्या.

"प्रेमाताई," तो कुजबुजला, "माझ्याकडे दोन जुने कोट आहेत. ती बोहारीण तुमच्याकडे कोणत्या वारी येते?"