आपोआप वाढणारी चष्म्याची पिशवी

गुन्हेगारी जगतात माझं नाव निघालं की भल्याभल्यांना दरदरून घाम फुटतो. हे जगत नेमकं कुठे भरतं ते मला अजून सापडलेलं नाही, नाहीतर मी स्वतः जाऊन खात्री करून घेतली असती. भेदक नजर, रुबाबदार चाल आणि कायम थंड असलेलं डोकं. डोकं थंड राहतं कारण वर केस नाहीत, असं बायको म्हणते. पोटापाण्यासाठी मी चष्म्यांचं दुकान चालवतो, पण तो निव्वळ देखावा; मुळात मी डिटेक्टिव्ह. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ ज्याला वाचता येत नाही, तो माझ्यापासून काय लपवणार?

बायको माझी सहायक आहे. तिला पगार नाही, त्यामुळे कामावरून काढायची धमकीही देता येत नाही.

त्या दुपारी माझी थोरली बहीण दुकानात आली. ताई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. तिने पिशवीतून दोन सुया आणि त्यांवर लटकणारी एक अर्धवट विणलेली निळी वस्तू काढून काउंटरवर ठेवली.

ताईच्या चार मैत्रिणी आहेत, शाळेपासूनच्या. दर शुक्रवारी त्या जमतात आणि जी आलेली नसेल तिच्याबद्दल बोलतात, त्यामुळे सहसा कुणी चुकवत नाही. त्यांतली एक आता लेकीकडे परगावी कायमची राहायला चालली होती. म्हणून ताई चौघींसाठी चष्मा ठेवायच्या लोकरीच्या पिशव्या विणत होती. तीन झाल्या होत्या, ही चौथी.

"काय चोरीला गेलं?" मी विचारलं.

"काही नाही. वाढतंय."

"काय वाढतंय?"

"विणकाम! दुपारी आडवी होते तेव्हा बोटभर असतं, उठते तेव्हा चार बोटं झालेलं असतं. आणि मी विणल्याचं मला काही आठवत नाही रे." ताईचा आवाज बसला. "आईचं शेवटी काय झालं ते आठवतंय ना? मला 'बाई, तुम्ही कोण' म्हणून विचारायची. माझंही तसंच सुरू झालं असेल तर? ह्यांना बोलले नाहीये. या शुक्रवारी मी जाणार नाही. तिला निरोप द्यायला जायचं आणि तिचंच नाव विसरायचं, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

आईचं ते मला चांगलंच आठवत होतं. पण डिटेक्टिव्हने असं दाखवायचं नसतं, म्हणून मी भिंग काढलं.

"खालचे टाके घट्ट आहेत. वरचे सैल."

"म्हणजे विणणारे हात दोन वेगळ्या माणसांचे," बायको म्हणाली.

"इतक्या घाईने निष्कर्ष काढायचे नसतात," मी तिला समजावलं. "या टाक्यांवरून एवढंच सिद्ध होतं, की गुन्हेगार उंच आहे, सडाफटिंग आहे आणि डाव्या पायाने किंचित लंगडतो."

माझा पहिला संशय मैत्रिणींवर गेला. मत्सर, दुसरं काय! एकीने घरात शिरून कामाची नासाडी चालवली होती.

"नासाडी करायची तर उसवेल ना ती? विणून कशाला देईल?" बायकोने विचारलं.

"इथेच तिचा धूर्तपणा दिसतो."

चष्म्याचा नंबर तपासायच्या निमित्ताने मी एकेकीला बोलावलं आणि बेसावध क्षणी विचारलं, "दुपारी कुठे असता?" चौघींनीही झोपलेल्या असतो असं सांगितलं. चौघींची सबब एकच! संगनमताचा वास मला तेव्हाच आला. त्यातून निष्पन्न एवढंच झालं, की दोघींचा नंबर वाढला होता.

मग मी नळदुरुस्तीवाल्याकडे वळलो. तो त्या आठवड्यात ताईकडे दोनदा येऊन गेला होता. मी काही न बोलता लोकरीचा गुंडा त्याच्या हातात ठेवला आणि चेहरा न्याहाळत राहिलो. त्याने हातभर लोकर तोडून नळाच्या आट्यांवर गुंडाळली. गळती थांबली. मी त्याला निर्दोष सोडलं.

गुरुवारी दुपारी मी घरच्या सगळ्यांना ताईच्या बैठकीच्या खोलीत जमवलं. नजर चौफेर फिरवली. कोपऱ्यातल्या टेबलावर धुळीत एक चौकोन उमटलेला होता. तिथला टीव्ही महिन्याभरापासून दुरुस्तीला गेला होता. प्रकरणाशी संबंध नाही, अशी मी मनाशी नोंद केली.

सोफ्यावर ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पाय पसरून बसले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच उद्योग: टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालणं आणि ताईच्या विणकामाला हसणं. "मेंढीला परत देऊन टाक ते केस" हा त्यांचा विनोद आम्ही लग्नापासून ऐकत आलोय.

"भाऊजी, जरा धरा हो हे, मी चहा आणते," म्हणत बायकोने सुयांसकट पिशवी त्यांच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी घसा साफ केला. "मंडळी, बाहेरच्या कुणाचाही यात हात नाही. उरते एकच शक्यता. ताई, तू झोपेत उठतेस, विणतेस आणि विसरतेस."

ताई एकदम रडायलाच लागली. "म्हणजे खरंच डोकं कामातून चाललंय माझं. सांगा मैत्रिणींना, मी येत नाही म्हणून."

"काय? कुणाचं डोकं कामातून चाललंय?" भाऊजी दचकले. "अगं, तू मला का नाही बोललीस?"

"गुन्ह्याची उकल झालेली आहे," मी म्हणालो. "कुणी मध्ये बोलू नये."

"तुम्ही जरा गप्प बसा," चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली बायको म्हणाली, "आणि भाऊजींच्या हातांकडे बघा."

मी बघितलं. भाऊजी डोळे फाडून ताईकडे बघत होते आणि त्यांचे हात खाली आपोआप विणत होते. एक ओळ संपवून सुई फिरवून दुसरीसुद्धा सुरू झाली होती.

खोलीत सुयांची टिकटिक तेवढी चालू राहिली. मग तीही थांबली.

"टीव्ही नाही," भाऊजी पडेल आवाजात म्हणाले. "दुपारभर माणसाने करायचं काय? तू झोपलेली असायचीस. इतकी वर्षं तुझं बघतोय, एक टाका घालून बघितला. मग राहवेना. मला वाटलं, तुझ्या लक्षात येणार नाही."

"जन्मभर हसलात मला!"

"म्हणून तर सांगायची लाज वाटली."

ताईने पिशवी त्यांच्या हातून ओढून घेतली आणि सैल टाके उसवायला सुई काढली. भाऊजींचा चेहरा पडला. ती थबकली, टाके पुन्हा सुईवर चढवले आणि डोळे पुसले. "राहू दे. ती जाणारी आहे ना, तिचा चष्मा मोठाच आहे." आणि मग एकदम ओरडली, "अरे, म्हणजे मी ठणठणीत आहे!"

तिने लगेच त्याच मैत्रिणीला फोन लावला. "येतेय गं उद्या! सगळं, सगळं लक्षात आहे माझ्या. शाळेत माझी लाल रिबीन नेलीस आणि हरवली म्हणालीस, तीसुद्धा."

फोन ठेवून ती भाऊजींकडे वळली. "आणि तुम्ही. आपल्या साखरपुड्याला तुम्ही माझ्या बहिणीला माझ्याआधी नमस्कार केलात. माझ्या बाळंतपणात पत्ते खेळायला गेलात. माझ्या मामाला म्हणालात..."

तासभर झाला तरी ती अजून लग्नाच्या तिसऱ्या वर्षात होती. तिचा चेहरा इतका खुललेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

भाऊजी माझ्या कानाशी वाकले.

"अरे," ते कळवळून म्हणाले, "तुझा तो झोपेतला सिद्धांत पुन्हा एकदा मांडून बघ ना."