कुमुदकाकूंचा मतदारसंघ

पहिल्या भेटीत लोक नाव विचारतात, गाव विचारतात. कुमुदकाकूंनी मला विचारलं, "यादीत नाव घातलंस का?"

साल २०१२. ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅम भागातल्या एका वाण्याकडे मी कढीपत्त्याची जुडी हुंगत उभा होतो. मला वाटलं, हापूस आला की कळवायची काहीतरी यादी असेल. म्हटलं, "कसली यादी?"

"मतदार यादी रे! रेसिडेन्सी मिळाली ना? वर्ष झालं ना राहून? मग तुला इथे मत आहे. मत आहे, आणि तू कढीपत्ता हुंगतोयस!"

बोलता बोलता निघालं की त्या न्यू लिन उपनगरात आमच्याच रस्त्यावर राहतात. झालं. त्या दिवसापासून मी त्यांच्या मतदारसंघात आलो.

काकू मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन गेल्या इंग्लंडला, डॉर्सेट परगण्यातल्या वेमथ नावाच्या समुद्रकाठच्या गावी. नवरा तिथल्या इस्पितळात डॉक्टर. पुढे काकू तिथल्या काउन्सिलच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि निवडणुकांना मतं मोजायला बसू लागल्या. नवरा गेल्यावर लेकीकडे ऑकलंडला आल्या. लेकीने यथावकाश सिडनी गाठलं, पण काकू काही हलल्या नाहीत. "मतदारसंघ सोडून कुठे जाऊ?" असं त्यांनी लेकीला सुनावलं.

बाकीच्या काकवांकडे गेलं की गुडघे आणि नातवंडं. कुमुदकाकूंकडे गेलं की डॉर्सेटच्या काउन्सिल निवडणुकांचा इतिहास. १८८९ सालची पहिली निवडणूक त्या अशा सांगत, जणू त्या दिवशी मतदान केंद्रावर चहा यांनीच केला होता. १९७४ साली बोर्नमथ शहर शेजारच्या हॅम्पशर परगण्यातून डॉर्सेटात घातलं गेलं, त्याबद्दल त्या एखाद्या सुनेबद्दल बोलावं तशा बोलत. "रमलंच नाही रे ते आमच्यात. माहेरची ऐट! शेवटी सत्त्याण्णव साली वेगळी चूल मांडली. शेजारच्या पूल शहरालाही फितवलं."

बोलण्यात सभागृहाची भाषा इतकी मुरलेली की जेवताना मध्येच हात वर करून म्हणायच्या, "पॉइंट ऑफ ऑर्डर. आमटीत मीठ नाही." माझी बायको अनघा सुरुवातीला दचकायची. पुढे तीही म्हणू लागली, "ठराव मंजूर. मीठ आणते."

इथल्या निवडणुका टपालाने होतात. पाकीट घरी येतं, खुणा करून परत टाकायचं. बहुतेकांची पाकिटं फ्रिजवर पडून राहतात. आमचं पाकीट २०१३ला आलं तशा काकूही आल्या. पदर खोचून जेवणाच्या टेबलाशी बसल्या. "तू कोणाला देतोयस ते मला सांगू नकोस. मी भिंतीकडे तोंड करून बसते. पण काउन्सिलला टिक करायची आणि आरोग्य मंडळाला एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. तिथे टिक करशील तर मत फुकट जाईल!" आणि खरंच भिंतीकडे तोंड करून बसल्या. पाकीट पेटीत पडेपर्यंत चहा घेतला नाही.

मग २०१९चा एप्रिल उजाडला. सकाळीच काकूंचा फोन. आवाज बसलेला. "गेली रे. आमची गेली."

एवढं बोलून फोन ठेवला. अनघाने घाईघाईने पिठलं-भात केला, मी ऑफिसला कळवलं आणि आम्ही पांढरेफटक चेहरे करून त्यांच्या दारात उभे राहिलो.

"कोण गेलं, काकू?"

"काउन्सिल!" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "वेमथची काउन्सिल बरखास्त केली. परगण्यातल्या सगळ्या मोडल्या आणि दोन मोठ्या केल्या. मी जिथे मतं मोजली ना, ती काउन्सिलच राहिली नाही आता."

हसू आवरायला मी पिठल्याचं भांडं ओट्यावर ठेवायला गेलो. पण अनघा त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "काकू, तिथली मोडली तर मोडली. इथली आहे ना? या वर्षी तुम्हीच उभ्या राहा."

काकूंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "अनुमोदन कोण देतंय?"

आणि सत्तरी ओलांडलेल्या कुमुदकाकू आमच्या लोकल बोर्डासाठी, म्हणजे आमच्या भागापुरत्या छोट्या काउन्सिलसाठी, उभ्या राहिल्या. जाहीरनाम्यात एकच वचन होतं: बाकं. दुकानांसमोर, बागेत, बस थांब्यावर, म्हाताऱ्या माणसाला टेकता येईल अशी बाकं. मी म्हटलं, "काकू, ट्रॅफिक, घरं, यावरही काहीतरी लिहा."

"ते बोर्डाच्या हातात नाही. हातात नसलेलं मी कबूल करत नाही."

कुंपणावर त्यांचा मोठा फोटो लागला. साडीवर कार्डिगन आणि चेहऱ्यावर मतं मोजतानाची करडी नजर. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने, म्हणजे इथल्या किराणा दुकानदाराने, एक छोटा फोटो काचेवर लावला आणि 'झकास' म्हणावं तसं म्हणाला, "स्वीट ॲज, आंटी."

उमेदवारांच्या सभेला त्या 'किआ ओरा' असा इथला नमस्कार करत उठल्या, तेवढ्यात मागून एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" सभेत जरा चुळबुळ झाली. मी मुठी आवळल्या. काकूंनी चष्मा सारखा केला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "सांगली. मग डॉर्सेट. आणि आता तुमच्या समोरच्या घरातली. बिन डेला तुमचा कचऱ्याचा डबा वाऱ्याने पडतो, तो दर वेळी उचलून ठेवणारी मीच." सगळी सभा हसली. सगळ्यात मोठ्याने हसले ते गृहस्थ. त्यांनी उठून काकूंना आपली खुर्ची दिली. माझी छाती इतकी फुगली की शेजारच्या अनोळखी बाईंना मी सांगून टाकलं, "आमच्या आहेत त्या."

शनिवारी दुपारी मतदान संपलं, संध्याकाळपर्यंत निकाल आले. काकू पडल्या. चांगल्या खाली होत्या. मी आणि अनघा त्यांच्याकडेच बसलो होतो. काकूंनी आधी निवडून आलेल्या बाईंना फोन करून अभिनंदन केलं, वर बाकांची आठवण दिली. मग शांतपणे आम्हाला समजावलं, "पहिल्या खेपेला एवढी मतं हीप्स आहेत, ढिगाने!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नारायणपेठी नेसून माझ्या दारात. "गाडी काढ. आभार मानायला जायचंय."

"पडल्यावर?"

"पडल्यावरच. निवडून आलेल्यांना वेळ कुठे असतो?"

दार दार फिरलो. लोक चकित होत, कोणी हात हातात घेई. रेल्वेरुळांपलीकडच्या एका घराचं दार अर्धवट उघडलं. आत कडेवर बाळ घेतलेली एक तरुण मुलगी होती. ती घाईने म्हणाली, "सॉरी, नो थँक यू." आतून मोहरीच्या फोडणीचा वास आला. काकू मराठीत म्हणाल्या, "अगं, फोडणी जळेल. आधी गॅस बंद कर."

मुलगी बघतच राहिली. मग आत धावली, परत आली. नाव ऋतुजा, नाशिकची. नवरा रविवारीही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, माउंट वेलिंग्टनला कामावर. "काकू, आमचा वर्क व्हिसा आहे हो. आम्हाला मत नाहीये."

"मत मागायला आलेच नाही मी. तू कशी आहेस?"

एवढ्या साध्या प्रश्नावर त्या मुलीचा चेहरा रडवेला झाला. काकूंनी बाळ घेतलं आणि चपला काढून आत गेल्या. मी पायरीवर बसलो. आतून आधी हुंदके ऐकू आले, मग नुसत्या गप्पा, आणि बऱ्याच वेळाने हसणं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "बाकीची घरं राहिली की हो."

"राहू देत," काकू म्हणाल्या. जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलू लागल्या. "वेमथला मी नवी होते ना, तेव्हा हे दिवसरात्र इस्पितळात. अख्ख्या हिवाळ्यात आमच्या दारावर एकच माणूस आला. कोटाला रिबिनीचं फूल लावलेला, पावसाने निथळत. मत मागायला. मला धड इंग्रजी येईना. त्याने माझं नाव विचारलं, दोनदा म्हणून नीट शिकून घेतलं. आणि विचारलं, तुम्हाला इथे काय हवंय? मला काही सांगताच आलं नाही. मी चहा केला. तो बसून, सावकाश, सगळा प्यायला."

"निवडून आला का?"

"छे. पडला. निकाल ऐकायला मी एकटी टाउन हॉलपर्यंत चालत गेले होते. त्या सगळ्या गावात मला तेवढं एकच नाव माहीत होतं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "घरी येऊन खूप रडले मी. ह्यांना वाटलं, सांगलीची आठवण आली."