गंगाधररावांची हवेवरची गाडी

आमच्या शेजारचे गंगाधरराव गाडी चालवताना गतिरोधक दिसला की हळूच म्हणतात, "आलं बरं का, सावरून बस." गाडीत दुसरं कुणी नसलं तरी म्हणतात. ते गाडीशीच बोलतात, असं आमच्या कॉलनीचं ठाम मत. माझंही तेच होतं, कारण त्या गाडीचे त्यांनी केलेले लाड लोक पोटच्या लेकराचेही करत नाहीत.

मी बदली होऊन नांदेडला आलो त्याआधीच त्यांच्या पत्नी वारल्या होत्या. हदगावकडे शेती, नांदेडात घर आणि दारात हैदराबादच्या कुण्या बिल्डरनं वापरून विकलेली ही लांबलचक परदेशी गाडी. तिला स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या. बटण दाबलं की गाडी वर उठते, पुन्हा दाबलं की खाली बसते. "स्प्रिंग न्हाई साहेब, हवा हाय हवा!" हे ते भाजीवाल्यालाही सांगतात.

प्रात्यक्षिकाला प्रसंग लागत नाही. एकदा गोदावरीच्या घाटावर कुणाच्या दहाव्याला गेलो होतो. बऱ्याच विनवण्यांनंतर पिंडाजवळ एक कावळा उतरला. तेवढ्यात यांनी एका पाहुण्याला दाखवायला बटण दाबलं. गाडी फुस्स करून बसली आणि कावळा उडाला. मयताचा मुलगा रागवायचं सोडून म्हणाला, "काका, अजून एकदा करा बरं."

मागच्या डाव्या सीटवर मात्र कुणी बसायचं नाही. तिथं एक निळी उशी, पट्टा लावून. मी एकदा टेकायला गेलो तर म्हणाले, "साहेब, पुढं बसा की." मला वाटलं, सीट मळेल म्हणून जपत असतील.

त्यांच्या भाचीचं लग्न निलंग्याला होतं. मामा एकटे हेच. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचा मान त्यांचा, त्यामुळे गाडीला दोनदा धुऊन, मला पुढं बसवून आम्ही भल्या सकाळी निघालो. लातूर गेलं, औसा गेलं, आणि स्टिअरिंगसमोर लाल दिवा लागला. गंगाधररावांनी आधी तो रुमालानं पुसून पाहिला. मग गाडी मागून डावीकडं कलली, आणि एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर चारी बाजूंनी बसली. चाकं अर्धी आत गेली.

माणसं जमायला मराठवाड्यात वेळ लागत नाही. एकानं विचारलं, "मालक, आत सोयाबीन भरलंय काय?" पंक्चरवाला हवेची नळी घेऊनच धावत आला. "हवेचीच हाय न्हवं? व्हॉल्व्ह दावा, भरून टाकतो." गाडीखाली शिरायला जागा नव्हती, तरी तो आडवा पडून व्हॉल्व्ह शोधत होता.

गंगाधररावांनी मदतीच्या नंबरला फोन लावला. बाईंनी गोड आवाजात विचारलं, "गाडी पुणे में है या हैदराबाद में?"

"ताई, गाडी औशापाशी हाय."

"औसा किसके पास पडता है?"

"निलंग्याच्या!"

बाईंचं समाधान झालं नाही. गाडी उचलायला ट्रक येईल, पण संध्याकाळी, असं ठरलं. मुहूर्त दुपारचा. तोवर बहिणीचा फोन आला, "दादा, कुठं हायस? मामाबिगर पोरगी मांडवात कशी आणू? भटजी लई घाई करायलेत."

"आलोच गं, कमल," म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. समोरून निलंग्याची एक एसटी गेली. यांनी हातही केला नाही. माझं डोकं फिरलं. "गंगाधरराव, गाडी मोठी का भाची?"

ते माझ्याकडं न बघता बोलले. "ही गाडी दाखवायला घेतली न्हाई साहेब. आमच्या मंडळीचा, सुमनचा, मणका गेला होता. लातूरच्या डॉक्टरकडं न्यायचं तर प्रत्येक गचक्याला कळवळायची. कुणी म्हणलं, हवेवरच्या गाडीत हादरा लागत न्हाई. घेतली. शेवटच्या फेरीला ह्या उशीला टेकून तिला झोप लागली. अहमदपूरपर्यंत झोपली होती." मग मागच्या उशीकडं बघत म्हणाले, "भाचीला म्हणली होती, तुझ्या लग्नाला ह्याच गाडीत येईन. आता हिला एसटीत कसं बसवू?"

पंक्चरवाला अंगावरची माती झटकत उठला आणि म्हणाला, "काका, मांडीवर घेऊन बसा की. मी गाडीपाशी हाय."

गंगाधररावांनी मागचं दार उघडलं, पट्टा सोडला आणि उशी छातीशी धरली. किल्ली पंक्चरवाल्याच्या हातात दिली. पुढची एसटी त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून अडवली.

निलंग्यापर्यंत जितके गतिरोधक आले, तितक्यांना एसटी उडाली. दर वेळी ते उशी दोन्ही हातांनी आवळून पुटपुटायचे, "आलं बरं का, सावरून बस." कंडक्टर माझ्याकडं बघायचा. मी खिडकीबाहेर बघत होतो.

मांडवाच्या दारात नवरी मामाची वाट बघत उभी होती. भटजी घड्याळ दाखवत होते. गंगाधररावांनी उशी माझ्याकडं दिली. "धरा साहेब. खाली ठेवू नका." मग भाचीचा हात धरून चालू लागले. बोहल्यापाशी आल्यावर वाकून तिला म्हणाले, "पायरी आली बरं का. सावकाश."

मंगलाष्टकं सुरू झाली. मी एका हातानंच अक्षता टाकल्या.