नापास छर्रे

सुनेने एअर रायफलच्या छर्र्यांचा नवा डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि ती हात धुवायला गेली, एवढीच तिची चूक. परत येऊन पाहते तर सासरे चष्मा कपाळावर चढवून बसले होते. त्यांच्यासमोरच्या छोट्या वजनकाट्यावर डब्यातला एक छर्रा एकटाच पडला होता.

“डब्यावर वजन छापलंय, ते ह्याचंच ना?” सासऱ्यांनी विचारलं.

“हो बाबा.”

“खोटं आहे.”

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत, आणि ते लांबून येताना दिसले तरी दुकानदार आपापली वजनं लपवायला धावायचे. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. मग बायको आजारी पडली, आणि तिच्या औषधाच्या पुड्या मोजायला त्यांनी हा काटा आणला. बायको गेली, काटा राहिला. तेव्हापासून त्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मुलगा कामावरून यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. टीव्हीसुद्धा आवाज बंद करून लागायचा.

सून नेमबाज होती. लग्नाआधी दहा मीटर एअर रायफलमध्ये तिचं चांगलं नाव होतं. सासू आजारी पडली तेव्हा तिने रायफल कपाटात ठेवली, ती सासू गेल्यावरच बाहेर काढली. आता निवड चाचणी तोंडावर आली होती. पहिल्या आठांत आली तर संघाच्या शिबिरात जागा. नाही आली तर ह्या वयात तिला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. काटेसाहेबांना हे सगळं ठाऊक होतं. सुनेने कोणासाठी काय सोडलं हेही ठाऊक होतं. पण आभार कसे मानायचे, हे खात्याने त्यांना कधी शिकवलं नव्हतं.

“एकेक तपासून देतो,” ते म्हणाले.

“बाबा, दहा मीटरवर एवढ्यातेवढ्या वजनाने काही होत नाही. आमचे सर म्हणतात, हात स्थिर हवा.”

“हात तू बघ. माल मी बघतो.”

दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल खात्याकडे गेलं. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. काटेसाहेब छर्रा चिमट्याने उचलायचे, वजन करायचे, मग स्क्रूगेजमध्ये धरून त्याची जाडी बघायचे आणि पास किंवा नापास असं पुटपुटून त्याला दोनपैकी एका बशीत सोडायचे. नापास झालेले जवळजवळ सगळेच केसभर जाड आणि किंचित जड निघाले. वाऱ्याने काटा हलतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. एकदा मुलगा शिंकला आणि दोन्ही बश्यांतले छर्रे टेबलभर उडाले.

“शिंकायचं तर गॅलरीत जात जा!”

“बाबा, शिंक विचारून येत नाही हो.”

“मग सगळेच पुन्हा तपासावे लागणार,” काटेसाहेब म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. कित्येक महिन्यांनी त्यांच्या दिवसाला काहीतरी काम मिळालं होतं.

सून आधी गालातल्या गालात हसत होती. पण शंका ही गोष्ट अशी, की एकदा घरात आली की पाहुण्यासारखी निघायचं नाव घेत नाही. सरावात एखादा नेम चुकला की पूर्वी ती स्वतःचा श्वास तपासायची. आता छर्र्याबद्दल विचार करू लागली. संध्याकाळी ती पडलेल्या चेहऱ्याने घरी यायची.

“आज दहाऐवजी बरेच नऊ गेले,” ती सांगायची.

“छर्रे कुठले होते?”

“जुन्या डब्यातले.”

“तरी म्हटलं!” काटेसाहेब म्हणायचे. शेवटी चाचणीत फक्त पास झालेलेच छर्रे वापरायचे, असं तिने कबूल केलं.

आता प्रश्न राहिला सरमिसळीचा. पास आणि नापास छर्रे दिसायला अगदी सारखे, आणि घरात शिंकणारा माणूस. काटेसाहेबांनी खात्याची पद्धत वापरायचं ठरवलं. बाजारातल्या लोखंडी वजनाच्या बुडाशी शिसं भरलेलं असतं, आणि वजन बरोबर निघालं की निरीक्षक त्या शिशावर शिक्का ठोकतो. काटेसाहेब उभा जन्म शिशावर शिक्के ठोकत आले होते, आणि छर्रा तर नखशिखान्त शिशाचा. त्यांनी जाड सुई आणि लहान हातोडी घेतली आणि पास झालेल्या प्रत्येक छर्र्याच्या मागच्या कडेवर हलकीशी एकेक खूण ठोकली. ही कड कागदासारखी पातळ असते आणि नळीत ती नीट बसली तरच छर्रा सरळ जातो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

चाचणीच्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेच्या हातात डबा दिला. त्याला चहूबाजूंनी दोरा बांधून वर लाखेचं सील केलं होतं.

“तिथे पोचल्यावरच उघड. मध्ये कोणी हात लावायला नको.”

नापास छर्रे त्यांनी पाकिटात घातले, त्यालाही सील केलं आणि ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. जप्त माल निकाल लागेपर्यंत निरीक्षकाने अंगावेगळा करायचा नसतो. चाचणी झाली की तडक दुकानदाराकडे जाऊन त्याची हजेरी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

चाचणीचा हॉल लांबलचक आणि थंडगार होता. ट्यूबलाइट पांढऱ्याफटक, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. काटेसाहेब, मुलगा आणि सुनेचे सर कठड्यामागच्या खुर्च्यांवर बसले. सुनेने सील दाताने तोडलं. सरावाची वेळ सुरू झाली, आणि तिचा पहिला छर्रा सातावर गेला. दुसरा पाचावर. तिसरा कुठे गेला ते समोरच्या पडद्यालाही नीट कळेना.

तिने पुढचा छर्रा उजेडात धरून पाहिला. कडेला पोचा. दुसऱ्यालाही पोचा. सगळा डबाच पोचे पडलेला. शेजारच्या मुलीकडे तिने आशेने पाहिलं, तर त्या मुलीने आपला डबा पोटाशी ओढून घेतला. मग सून रायफल खाली ठेवून कठड्याशी आली.

“बाबा, छर्र्यांना हे काय झालंय?”

“शिक्का आहे,” काटेसाहेब छाती काढून म्हणाले. “पास झालेल्यांना.”

“सगळ्यांना?”

“एकही सोडला नाही.”

सरांनी कपाळाला हात लावला. “अहो, कड चेपली की छर्रा वाटेल तिकडे जातो! न ठोकलेले आहेत का कुठे?”

“आहेत ना. नापास.”

“कुठे आहेत?”

काटेसाहेबांचा हात आपोआप कोटाच्या खिशावर गेला. “नापास माल वापरायला देता येत नाही,” ते म्हणाले.

“बाबा, देऊन टाका हो!” मुलगा कळवळून म्हणाला.

“आजवर एकाला सूट दिली नाही. सख्ख्या साडूचा काटा जप्त केलाय मी.”

सराव संपत आल्याची सूचना झाली. सून कठड्याला धरून उभी होती. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

“बाबा, आईंच्या उशाशी मी दोन वर्षं बसले. ती वर्षं कधी काट्यावर टाकून बघितलीत का?”

बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं, पण शब्द सुटून गेले होते. काटेसाहेबांनी पाकीट बाहेर काढलं आणि स्वतः केलेलं सील स्वतःच्या नखाने फोडलं. असं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. घाईत पाकीट उलटंच झालं आणि अर्धे छर्रे खुर्च्यांखाली घरंगळले. सासरा, मुलगा आणि सर तिघेही गुडघ्यांवर रांगत ते वेचू लागले.

पंच येऊन डोक्याशी उभे राहिले. “इथे काय चाललंय?”

“जप्ती,” खुर्चीखालून मुलगा म्हणाला.

सुनेने ओंजळभर नापास छर्रे नेले आणि रायफल उचलली. काटेसाहेबांनी शेवटपर्यंत मान वर केली नाही. ते फरशीकडे बघत बसले. आपण बायकोच्या सेवेची परतफेड करायला गेलो आणि सुनेचं उरलंसुरलंही घालवलं, एवढंच त्यांना कळत होतं. शेवटी मुलाने त्यांचा दंड धरला, तेव्हा आपलं वाटोळं झालं असं समजून त्यांनी डोळे मिटले.

“बाबा, सातवी आली! शिबिरात गेली ती!”

सर रायफल हातात घेऊन आले. “तुमचे नापास देवासारखे धावून आले, साहेब. हिची नळी जुनी आहे, आतून झिजलेली. जाड छर्रेच तिच्यात घट्ट बसतात. वजनाचं फार मनावर घेऊ नका, पण जाडीचं खरं आहे. फक्त माप डब्यावरचं नाही, नळीचं धरायचं.”

सगळे खूश झाले. काटेसाहेब मात्र आणखीनच खचले. आपण चांगलं म्हणून निवडलं ते सगळं टाकाऊ निघालं आणि टाकलं तेच उपयोगी पडलं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. घरी जाताना सून त्यांच्या शेजारी बसली.

“बाबा, मघाशी मी बोलायला नको होतं.”

“खरं तेच बोललीस,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. घर जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, “शिबिराला जाड कितीसे लागतील?”

दुसऱ्या दिवशी ते खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. काटेसाहेबांना पाहताच दुकानदार उठून उभा राहिला.

“तुमच्या डब्यात जाड छर्रे निघाले,” काटेसाहेब म्हणाले.

“साहेब, चूक झाली! डबाच बदलून देतो.”

“बदलून नको. तसलेच आणखी आहेत का?”

दुकानदाराचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत असा सापळा कोणी लावला नव्हता. “नाहीत साहेब! शप्पथ, एकसुद्धा नाही. आमचा सगळा माल चोख आहे.”

“अहो, थोडे तरी असतील. मागे बघा ना.”

“कुठेही बघा साहेब, एक वाईट छर्रा सापडला तर दुकान बंद करीन!”

काटेसाहेबांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. “मी निरीक्षक म्हणून नाही आलो हो,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. “माझ्या सुनेसाठी हवेत. माझ्या बायकोचं सगळं तिने केलं. पोटच्या पोरीने केलं नसतं इतकं केलं. मी तिला आभाराचा एक शब्द कधी बोललो नाही. तिला जाडच लागतात हो. द्या ना.”

दुकानदाराचा एका शब्दावरही विश्वास बसला नाही. रायफलची पिशवी खांद्याला लावून सून मागे पायरीवर येऊन उभी होती. तिचा मात्र बसला.